‘फायनल फँटसी टेन’चा एचडी साउंडट्रॅक: पोत उजळला, धार गेली

व्हिडिओ गेमचे चित्र नव्याने उजळून दिले तर चाहते सहसा आनंदाने स्वीकारतात. संगीताला हात लावला की मात्र तेच चाहते कानांत प्राण आणून ऐकू लागतात आणि प्रत्येक बदलाचा हिशेब मागतात. ‘फायनल फँटसी टेन’ या जपानी व्हिडिओ गेमच्या एचडी आवृत्तीच्या, म्हणजे अधिक स्पष्ट चित्राच्या नव्या आवृत्तीच्या, वाट्याला हेच आले. मूळ खेळ १९ जुलै २००१ रोजी जपानमध्ये प्लेस्टेशन २ वर आला. एचडी आवृत्ती २६ डिसेंबर २०१३ रोजी प्लेस्टेशन ३ आणि व्हिटा या यंत्रांवर आली आणि तिच्यात साठच्या आसपास रचना नव्या रूपात वाजू लागल्या. या नव्या संगीताचा आवाज जुन्यापेक्षा चांगला आहे की वाईट, हा वाद तेव्हापासून चालू आहे. दोन्ही संच एकाच हेडफोनवर, आवाजाची पातळी जुळवून, आळीपाळीने ऐकल्यानंतर माझे मत असे झाले आहे की ध्वनीच्या दर्जाच्या कसोटीवर नवा संच बहुतेक ठिकाणी सरस ठरतो आणि तरीही लढाईच्या प्रसंगांत जुने संगीतच अधिक परिणामकारक वाटते. ही दोन विधाने एकमेकांच्या विरोधात नाहीत, पण चाहत्यांच्या वादात ती सतत एकमेकांत मिसळली जातात.

या मिसळीला निर्मात्यांनी दिलेले नावही कारणीभूत आहे. ‘रिमास्टर’ या एकाच पाटीखाली प्रत्यक्षात तीन वेगळी कामे होतात. उपलब्ध ध्वनिमुद्रण घेऊन त्यातली खरखर काढणे, खालच्या-वरच्या सुरांचा समतोल साधणे आणि पातळी ठरवणे हे पहिले काम. स्वरलिपी तीच ठेवून ती अधिक चांगल्या वाद्यनमुन्यांवर, म्हणजे वाद्यांच्या आवाजाच्या मुद्रित तुकड्यांवर, पुन्हा वाजवून घेणे हे दुसरे. आणि वाद्ये, ठेका, साथ, कधी कधी चालीची मांडणीही बदलून रचना नव्याने बांधणे हे तिसरे. पहिल्या कामात ‘मूळच्या जवळ किती’ असा प्रश्न विचारता येतो. तिसऱ्यात तो विचारणे म्हणजे एका गायकाने गायलेल्या गीतावर दुसऱ्या गायकाच्या आवाजाचे माप लावणे होय. ‘टेन’च्या एचडी संचात प्रामुख्याने तिसरे काम झाले आहे आणि चाहत्यांनी त्याला पहिल्या कामाचे गुण दिले किंवा कापले आहेत.

मूळ संगीत तसे का वाजत होते, हे समजून घेतल्याशिवाय तुलना न्याय्य होणार नाही. प्लेस्टेशन २ च्या ध्वनिचिपकडे एकाच वेळी वाजू शकणाऱ्या ४८ वाटा आणि केवळ २ मेगाबाइट स्मृती होती. त्या स्मृतीत संगीताची वाद्ये आणि खेळातले इतर आवाज, म्हणजे तलवारीचा खणखणाट, जादूचे स्फोट, मेनूची टिकटिक, अशी सगळी मंडळी दाटीवाटीने बसत. त्यामुळे एखाद्या व्हायोलिन-समूहाचा नमुना काही क्षणांचाच घ्यायचा, तोही दर सॅम्पलला (ध्वनीच्या प्रत्येक मोजणीला) चार बिट या हिशेबाने दाबून ठेवायचा, आणि लांब स्वर हवा असेल तेव्हा नमुन्याचा शेवटचा तुकडा पुन्हा पुन्हा फिरवायचा, अशी कसरत संगीतकारांना करावी लागे. जुन्या संचातल्या तंतुवाद्यांच्या लांब स्वरांत जी किंचित यांत्रिक थरथर ऐकू येते तिचे मूळ येथे आहे. ब्रास वाद्यांचा (ट्रम्पेटसारख्या धातूच्या फुंकवाद्यांचा) स्वर एकदम उमटतो आणि एकदम संपतो, त्याला नैसर्गिक आस नसते, याचेही कारण तेच. नोबुओ उएमात्सु, मासाशी हामाउझू आणि जुनया नाकानो या तिघांनी मिळून हे संगीत केले. ‘फायनल फँटसी’च्या मुख्य मालिकेत उएमात्सु यांनी इतर संगीतकारांसोबत जबाबदारी वाटून घेण्याची ही पहिलीच वेळ होती. तिघांनीही त्या चिपची कुवत ओळखूनच लिहिले होते, आणि ही गोष्ट पुढे लढाईच्या संगीताविषयी बोलताना महत्त्वाची ठरते.

एचडी आवृत्तीतील नव्या रचना चिपकडून त्या क्षणी वाजवून घेतल्या जात नाहीत. त्या पूर्ण तयार ध्वनिमुद्रण म्हणून वाजतात. दोन मेगाबाइटांची कोंडी सुटल्याचा फायदा शांत प्रसंगांत लगेच कळतो. हामाउझू यांची ‘बिसेड आयलंड’ ही बेटावरची रचना घ्या. जुन्या आवृत्तीत पियानोचे स्वर स्वच्छ आहेत, पण ते एकाच प्रतलावर मांडल्यासारखे वाटतात. बोट हलके पडले की जोरात, याचा फरक पातळीत ऐकू येतो, स्वराच्या रंगात फारसा येत नाही. नव्या आवृत्तीत हा रंग बदलतो, स्वर विरताना खोलीचा अंदाज देतो, आणि मागची साथ पियानोला न झाकता त्याच्याभोवती पसरते. वाद्ये डावी-उजवीकडे नीट वाटली गेल्याने प्रत्येकाचा मागोवा घेता येतो. प्रवासाच्या, मंदिरांच्या, गावांच्या बहुतेक रचनांना हेच लागू पडते. येथे नव्या संचाच्या विरोधात तक्रार करणाऱ्यांचे म्हणणे मला फारसे पटत नाही. सवयीचा भाग बाजूला ठेवला, तर या रचनांत हरवलेले असे थोडेच आणि मिळालेले बरेच आहे. फार तर एवढे म्हणता येईल की काही ठिकाणी रिव्हर्ब, म्हणजे घुमण्याचा परिणाम, सढळ हाताने वापरला आहे आणि त्यामुळे मध्यसप्तकातली वाद्ये एकमेकांत विरघळतात.

गायलेल्या रचनांविषयी लिहिण्यासारखे कमी आहे. अमामी बेटांच्या लोकगायनाच्या परंपरेतून आलेल्या रिक्की यांनी गायलेले ‘सुतेकी दा ने’ काय, किंवा आरंभीचे हेवी मेटल धाटणीचे ‘अदरवर्ल्ड’ काय, ही मुळातच ध्वनिमुद्रित गाणी होती. चिपच्या मर्यादा त्यांना कधी बाधल्याच नाहीत. साहजिकच नव्या यंत्रांकडे त्यांना देण्यासारखे फारसे नव्हते.

खरा प्रश्न लढाईच्या संगीताचा आहे, आणि चाहत्यांचा रोष तिथेच एकवटला आहे. उएमात्सु यांच्या नेहमीच्या लढाईच्या रचनेत बासचा चढाईचा आकृतिबंध, कोरडा आणि कडक ड्रम, आणि वरून कापत जाणारी ब्रासची चाल, असे तीन थर आहेत. या तिन्ही थरांतील वाद्ये खोटी आहेत हे कोणालाही कळते. पण त्यांचा स्वर एकदम उमटतो आणि एकदम थांबतो, म्हणजे अगोदर ज्याला आपण मर्यादा म्हटले, तोच गुण येथे ठेक्याला धार देतो. प्रत्येक आघात वेगळा ऐकू येतो; दोन आघातांमधली शांतता स्वच्छ असते; त्यामुळे गती प्रत्यक्षापेक्षा अधिक वाटते. नव्या रचनेत वाद्यांचे नमुने अधिक खरे आहेत, पण खऱ्या वाद्याला उमटायला क्षणभर वेळ लागतो आणि विरायला त्याहून अधिक. ड्रमच्या मागे खोलीचा प्रतिध्वनी आला, ब्रासच्या कडा गोल झाल्या आणि बास मागे सरकला. प्रत्येक वाद्य सुटे ऐकले तर ते जुन्यापेक्षा चांगलेच आहे, एकत्रित परिणाम मात्र मवाळ झाला आहे.

सीमोर या खलनायकाशी होणाऱ्या लढाईच्या ‘फाइट विथ सीमोर’ या रचनेत हा तोटा सर्वाधिक जाणवतो. मूळ रचना इलेक्ट्रॉनिक ठेक्यावर उभी आहे. तिचे सिंथेसायझर कोणत्याही खऱ्या वाद्याची नक्कल करीत नव्हते, म्हणून ‘अधिक खरे’ करण्याजोगे तिच्यात काही नव्हतेच. तिला जे मृदू, भरीव रूप दिले गेले त्यामुळे प्रतिस्पर्ध्याच्या उन्मादाशी असलेले तिचे नाते सैल झाले. येथे जुन्याच्या बाजूने बोलणारे चाहते केवळ आठवणींच्या आहारी गेले आहेत, असे म्हणून त्यांची बोळवण करता येणार नाही. त्यांचे कान बरोबर आहेत. त्यांची शब्दयोजना चुकते. ‘आवाजाचा दर्जा घसरला’ असे ते लिहितात, तेव्हा त्यांना ‘आघात बोथट झाला’ असे म्हणायचे असते. दर्जा मोजायला गेले तर आलेखावर नवा संच कदाचित सरसही दिसेल, आणि मग समोरचा पक्ष तोच आलेख पुढे करून विजय जाहीर करतो. दोघेही आपापल्या जागी बरोबर राहून वाद मात्र सुटत नाही.

चाहते दर्जा ठरवण्यासाठी जी साधने वापरतात त्यांच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक वाटते, कारण या साउंडट्रॅकच्या बाबतीत त्यांतली निम्मी साधने चुकीच्या जागी वापरली जातात. पहिली बाब आवाजाच्या पातळीची. दोन ध्वनिमुद्रणांपैकी एक जरासे मोठे असेल, अगदी एका डेसिबलनेही, तर ऐकणाऱ्याला ते ‘मोठे’ न वाटता ‘अधिक स्पष्ट’ वाटते. बास भरदार आणि वरचे सूर चमकदार भासतात. त्यामुळे पातळी न जुळवता केलेली कोणतीही तुलना मी विचारात घेत नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या बीएस १७७० या शिफारशीवर आधारलेले, कानाला जाणवणारी पातळी मोजणारे एलयूएफएस हे माप आज फुकट सॉफ्टवेअरमध्येही मिळते. दोन्ही फाइली त्या मापाने एका पातळीवर आणणे हे काही मिनिटांचे काम आहे. सरसकट लिमिटर (आवाजाचे उंचवटे दाबणारे साधन) लावून आवाज फुगवलेल्या रिमास्टरांचे पितळ याच पायरीवर उघडे पडते, कारण पातळी जुळवताच त्यांतला मोठेपणाचा आभास निघून जातो आणि सपाट झालेले उंचवटे तेवढे उरतात.

दुसरे आवडते साधन स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजात कोणते सूर किती आहेत ते दाखवणारे चित्र. १२८ केबीपीएसच्या एमपीथ्री फाइलमध्ये साधारण १६ किलोहर्ट्झच्या वरचा भाग कापलेला असतो, आणि तो कापलेला कडा चित्रात सरळ रेषेसारखा दिसतो, हे खरे आहे. त्यावरून कोणी निकृष्ट प्रत खपवतो आहे का, हे ओळखताही येते. मात्र ‘टेन’च्या जुन्या रचनांच्या चित्रात वरचा भाग विरळ दिसला म्हणून त्या निकृष्ट फाइलींवरून घेतल्या आहेत, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरते. स्मृती वाचवण्यासाठी मुळातले अनेक वाद्यनमुने कमी सॅम्पल-दराने साठवलेले असले की त्यांच्यात वरचे सूर नसतातच. बासचा नमुना आणि झांजेचा नमुना यांची वरची मर्यादा वेगवेगळी असू शकते. अशा वेळी चित्रात एक सरळ कडा दिसत नाही. वाद्यागणिक पायऱ्या दिसतात. सरळ कडा आणि पायऱ्या यांतला हा फरक ओळखणारे चाहते आहेत, आणि त्यांची निरीक्षणे वाचण्यासारखी असतात. पण चित्र चिकटवून एका ओळीत निकाल देणाऱ्यांची संख्या नेहमीच अधिक राहिली आहे.

तिसरे साधन म्हणजे डोळे मिटून घेतलेली एबीएक्स चाचणी. तिच्यात ‘एक्स’ हा नमुना ‘ए’ आहे की ‘बी’, हे ऐकणाऱ्याने ओळखायचे असते. सोळा प्रयत्नांत निदान बारा वेळा उत्तर बरोबर येणे केवळ नशिबाने घडण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी असते. ही चाचणी अतिशय प्रामाणिक आहे, पण ती एकाच मांडणीच्या दोन प्रतींसाठी आहे. सीडी आणि दाबलेली फाइल, किंवा एकाच रचनेची दोन मास्टरिंग (मुद्रणाची अंतिम रूपे), यांच्यात कानाला फरक कळतो का, एवढेच ती सांगते. जुनी आणि नवी रचना या चाचणीत घातल्या तर पहिल्या चार मात्रांत कोणालाही ओळखता येईल, आणि त्यातून दर्जाविषयी काहीच निष्पन्न होणार नाही. दोन फाइली एकमेकींतून वजा करून उरलेला आवाज ऐकण्याची पद्धतही याच कारणाने येथे निरुपयोगी ठरते.

याहून मोठी अडचण अशी की पुष्कळ जण ज्या प्रती ऐकून मत बनवतात त्या अल्बमच्या नसतात. व्हिडिओ संकेतस्थळांवर कोणीतरी चढवलेल्या असतात. त्या प्रतींवर आधीच एकदा फाइल दाबण्याची प्रक्रिया झालेली असते, संकेतस्थळ ती पुन्हा करते, आणि पातळीही आपल्या नियमाने खाली आणते. अशा दोन प्रतींची तुलना करून झांजेच्या आवाजाविषयी ठाम मत देणे हे धाडसाचे काम आहे. झांज, टाळ्या आणि दाट रिव्हर्ब यांनाच दाबण्याच्या प्रक्रियेचा सर्वाधिक फटका बसतो. नव्या संचात रिव्हर्ब अधिक असल्याने संकेतस्थळावर तोच अधिक गढूळ ऐकू येतो. ‘नवा संच धुरकट वाटतो’ या तक्रारीचा काही भाग येथून आलेला असावा, असे मला वाटते. शक्य तिथे मूळ डिस्क किंवा विकत घेतलेली विनादाब फाइल वापरावी, नाही तर निदान दोन्ही प्रती एकाच मार्गाने आलेल्या असाव्यात.

२४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झच्या आकड्यांचे आकर्षण या क्षेत्रातही कमी नाही. जुन्या रचना अशा स्वरूपात मिळाल्या तरी त्यांच्यात नवीन माहिती येत नाही. दर सॅम्पलला चार बिट या हिशेबाने दाबलेल्या नमुन्याभोवती कितीही मोठी पेटी ठेवली तरी नमुना तेवढाच राहतो. सीडीच्या १६ बिटांतही सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला मिळतो आणि या संगीताला त्याच्या जवळपासही जाण्याची गरज पडत नाही. नव्याने बांधलेल्या रचनांना मुद्रण आणि मिश्रणाच्या टप्प्यावर अधिक बिटांचा उपयोग नक्कीच होतो, कारण त्या वेळी पातळ्या वारंवार बदलल्या जातात. ऐकणाऱ्याने मात्र केवळ मोठ्या आकड्यासाठी पैसे मोजू नयेत. तेच पैसे बऱ्यापैकी हेडफोनवर खर्च केले तर दोन्ही संचांतला फरक अधिक चांगला कळेल.

नव्या संचाच्या समर्थनार्थ आणखी एक युक्तिवाद केला जातो: मूळच्या तीन संगीतकारांपैकी हामाउझू आणि नाकानो यांचा नव्या बांधणीत सहभाग होता, तेव्हा तक्रार करणारे आपण कोण? युक्तिवादात तथ्य आहे, पण ते अर्धेच. हामाउझू यांनी स्वतःच्या रचनेला नवे रूप दिले तर त्यावर त्यांचा अधिकार निर्विवाद आहे, आणि नव्या संचातल्या त्यांच्या रचना मला सर्वांत सुसंगत वाटल्या, यात नवल नाही. उएमात्सु यांच्या चालींच्या बाबतीत तोच अधिकार तितक्या सहजपणे सांगता येत नाही. त्यांच्या लढाईच्या रचनांना जी कणखर, थोडी खडबडीत वळणे असतात ती दुसऱ्याच्या हाती गेल्यावर घासून गुळगुळीत झाली आहेत. अधिकार कोणाचाही असो, कानाला जे खटकते ते खटकतेच. आणि नव्या रचनेतही जे जमले आहे ते जमले आहे, हे जुन्याच्या भक्तांनी मान्य करायला हरकत नसावी.

२०१३ च्या आवृत्तीचा सर्वांत मोठा दोष माझ्या मते कोणत्याही एका रचनेत नाही. तिने खेळणाऱ्याला निवड दिली नाही, हा तो दोष. त्याआधीच, २०११ साली, ‘हेलो: कॉम्बॅट इव्हॉल्व्ह्ड’ या दुसऱ्या एका खेळाच्या वर्धापन आवृत्तीने जुने किंवा नवे संगीत निवडण्याची सोय दिली होती, तेव्हा ही कल्पना अपरिचित होती असेही म्हणता येत नाही. ‘टेन’मध्ये ती सोय २०१५ च्या प्लेस्टेशन ४ आवृत्तीत आली आणि वादाची धग बरीच कमी झाली. पुढे २०२१ पासून आलेल्या ‘पिक्सेल रिमास्टर’ मालिकेत उएमात्सु यांच्या देखरेखीखाली ‘फायनल फँटसी’च्या पहिल्या सहा खेळांचे संगीत नव्याने बांधले गेले, तेव्हाही मूळ संगीताचा पर्याय २०२३ च्या कन्सोल आवृत्तीतच मिळाला. म्हणजे एकदा मिळालेला धडा पुन्हा गिरवावा लागला. हा पर्याय सुरुवातीपासून ठेवण्यात निर्मात्यांचे काय जाते, हे मला अजून उमगलेले नाही.

ज्यांनी मूळ खेळ कधीच खेळलेला नाही त्यांनी नव्या संचापासून सुरुवात करावी. प्रवासाचे तास लढाईच्या तासांहून कमी नसतात आणि त्या वेळात नवे संगीत फार सुखद सोबत करते. ज्यांच्या कानांत जुना ठेका पक्का बसलेला आहे त्यांनी प्लेस्टेशन ४ किंवा त्यानंतरची आवृत्ती घेऊन मूळ संगीत निवडावे आणि एकदा तरी बेटावर परत जाऊन नवे लावून पाहावे. केवळ ऐकण्यासाठी अल्बम घ्यायचा असेल तर मात्र मी २००१ चा चार सीडींचा, ९१ रचनांचा मूळ संच आधी सुचवेन, कारण त्यात तिन्ही संगीतकारांची मूळ मांडणी संपूर्ण सापडते आणि नव्याशी तुलना करायला पायाही मिळतो.

एक तक्रार अजून शिल्लक आहे. ही निवड संपूर्ण संचापुरतीच आहे: सगळे जुने किंवा सगळे नवे. मला गावे, मंदिरे आणि प्रवास यांसाठी नवे संगीत हवे आहे, आणि लढाई सुरू होताच जुने. फाइली यंत्रात दोन्ही आहेतच. रचनागणिक निवडीची एक साधी यादी मेनूमध्ये दिली असती तर हे सहज जमले असते. ती यादी नसल्यामुळे सीमोर समोर येण्याची चाहूल लागली की मी सेटिंगमध्ये जाऊन संगीत बदलतो आणि तो हरला की पुन्हा परत बदलतो.